टाकीच्या तळातलं टँक निपल गळतंय? आवळू नका, उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार फूट लांब, दोन फूट उंच मरीन टाकी, खालच्या कॅबिनेटमध्ये सम्प, म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी. टाकीच्या कोपऱ्यात काळ्या काचेचा ओव्हरफ्लो बॉक्स आणि त्याच्या तळाला दोन भोकं: एक इंची ड्रेन (पाणी सम्पमध्ये उतरायला) आणि पाऊण इंची रिटर्न (पंपाने ते परत वर यायला). ड्रेनच्या फिटिंगखाली, म्हणजे भोकातून पाइप आरपार नेणाऱ्या टँक निपलखाली, काही महिन्यांपासून थेंब थेंब पाणी पडतंय. आधी नट पान्याने दोनदा आवळून झाला, मग बाहेरून सिलिकॉनचा थर दिला, शेवटी प्लंबरने एम-सीलची गोळी थापली. दर वेळी चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. विचारणाऱ्यांची खरी धास्ती वेगळी आहे: टाकी रिकामी करावी लागेल का, आणि मग मासे कुठे ठेवायचे?

धास्तीचं उत्तर आधी. टाकी रिकामी करायची नाही आणि मासे जागचे हलवायचे नाहीत. भोकं ओव्हरफ्लो बॉक्समध्ये आहेत, म्हणजे पंप बंद करून फक्त त्या बॉक्समधलं पाणी उपसलं की फिटिंग उघडं पडतं. बॉक्सच्या कंगव्याच्या (वरच्या दातेरी कडेच्या) पातळीपर्यंत मुख्य टाकी भरलेलीच राहते. आत वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा छोटा पंखा) आणि एखादा एअरस्टोन चालू ठेवला तर माशांना कळणारही नाही की खाली काय चाललंय. एवढीच एक अट: बॉक्सचे काचेचे जोड शाबूत हवेत. बॉक्स उपसून अर्धा तास थांबा. टाकीतलं पाणी बॉक्समध्ये भराभर झिरपत असेल तर तो वेगळा आजार आहे. किरकोळ पाझर असेल तर आत एक छोटा पंप टाकून पाणी परत टाकीत उपसत राहा आणि काम उरका.

आता आवळण्याबद्दल. आपले प्लंबर गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीला टँक निपल बसवून हात बसलेले असतात. तिथे भिंत प्लॅस्टिकची, थोडी दबणारी. गळलं की आणखी एक आटा पिळला की बऱ्याचदा थांबतं. काच दबत नाही. शिवाय फिशटँकमध्ये दाब असतो तरी किती? साठ सेंटीमीटर पाण्याचा तळावरचा दाब साधारण 0.06 बार. गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर खाली येणाऱ्या नळात तो 1 बार असतो, म्हणजे सोळा-सतरा पट. इतक्या कमी दाबाला रोखायला चांगला रबरी वायसर हाताने आवळला तरी पुरतो. तो रोखत नसेल तर घट्टपणा कमी पडतोय असं नसतं. कुठेतरी काहीतरी वाकडं बसलेलं असतं किंवा मधे आलेलं असतं, आणि ते पान्याने सरळ होत नाही.

बाहेरून लावलेलं सिलिकॉन आणि पुटी याच कारणाने फसतात. पाणी आतून ढकलतंय आणि आपण बाहेरच्या ओल्या, मिठाळलेल्या प्लॅस्टिकवर पदर चिकटवतोय. तो चार दिवस धरतो, मग पाणी त्याच्या मागून वाट काढतं आणि तिसरीकडूनच टपकायला लागतं. यातलं सगळ्यात वाईट हे की थापलेल्या थरामुळे गळती नेमकी कुठून होती ते दिसेनासं होतं. म्हणून पहिलं काम म्हणजे ती सगळी थापाथापी ब्लेडने खरवडून काढा.

मग निदान करा. कोरड्या फडक्याने फिटिंग, नट, पाइप, एल्बो सगळं पुसा. टिश्यू पेपरची पट्टी वळून नटाच्या वर, काच आणि नट भेटतात तिथे गुंडाळा. दुसरी पट्टी नटाच्या खाली पाइप आत शिरतो तिथे, तिसरी एल्बोवर. पाणी पाइपवरून ओघळत जाऊन शेवटी एल्बोच्या कोपऱ्यावरून पडतं, त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथेच गळती असं धरून चालू नका. सगळ्यात वरची जी पट्टी आधी भिजेल ती खरी. मरीन टाकीत मीठही चुगली करतं. पांढरा खरखरीत थर जिथून सुरू होतो तिथे वरच्या टोकाला नखाने टोकरून बघा.

आणि आता पंप बंद करा. ही चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. पंप बंद झाल्यावर बॉक्समधलं पाणी ड्रेनच्या उभ्या पाइपच्या तोंडापर्यंत उतरून थांबतं, पण ड्रेनचा पाइप आतून रिकामा होतो. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं पुन्हा कोरडं पुसा. थेंब चालूच राहिला तर पाणी वायसर आणि काच यांच्या मधून येतंय, कारण ते भोक अजूनही पाण्याखाली आहे. थेंब थांबला तर वायसर निर्दोष आहे. गळती खाली आहे, म्हणजे पाइपच्या जोडात, आट्यात किंवा एल्बोत, जिथे पाणी वाहत असतानाच पोचतं. रिटर्नच्या बाजूलाही हेच लागू पडतं, फक्त सायफन तुटून पाइप रिकामा होईपर्यंत थांबायला हवं.

(आत उभा पाइप टँक निपलमध्ये नुसता दाबून बसवलेला असेल आणि तो जोड सैल असेल, तर त्यातून गळलेलं पाणी ड्रेनमध्येच जातं, जमिनीवर येत नाही. त्याने फक्त लाइट गेल्यावर बॉक्स हळूहळू रिकामा होतो आणि सम्पची पातळी वाढते. फरशीवर पाणी दिसलं की लोक आधी टँक निपलला दोष देतात. पण ते फक्त लाइट गेल्यावरच दिसत असेल तर सम्प भरून वाहतोय का ते बघा. पावसाळ्यात चिलरच्या गार पाइपावर दव धरतं तेही थेंबासारखंच टपकतं. चव घेऊन बघितली तर खारट नसतं.)

समजा पंप बंद करूनही थेंब चालू राहिला. तुमच्या वर्णनावरून मला तीच शक्यता जास्त दिसते, कारण दोनदा आवळल्यावर थोडे दिवस थांबलं होतं. मग कारण खालीलपैकी एक निघेल.

वायसर चुकीच्या बाजूला. टँक निपलच्या रुंद डोक्याला आपण कॉलर म्हणू. वायसर नेहमी कॉलरच्या बाजूला, कॉलर आणि काच यांच्या मधे. कॉलर टाकीच्या आत असेल तर वायसर आत. काही जण तो बाहेर नटाखाली घालतात आणि आतली कॉलर काचेवर कोरडी टेकवतात. मग पाणी भोकात शिरतं आणि नटाच्या आट्यांमधून सावकाश खाली उतरतं. हे आटे पाणी अडवण्यासाठी नसतात, फक्त पकड देण्यासाठी असतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या निपलबरोबर दोन वायसर येतात, म्हणून एक इकडे एक तिकडे घातला जातो. नटाखालच्या दुसऱ्याने नुकसान होत नाही, पण काम पहिल्याचं असतं.

नट काचेला टेकलेलाच नाही. हे फार वेळा बघितलंय आणि कुणाच्या लक्षात येत नाही. टाकीखाली थर्माकोल, त्याखाली प्लायवूड. प्लायवूडला पाडलेलं भोक पाइपापुरतं असतं, नटाएवढं नसतं. मग नट प्लायवर टेकतो. आवळताना हाताला छान घट्ट लागतं, पण दाबला जातोय प्लाय आणि थर्माकोल. पुढच्या काही आठवड्यांत थर्माकोल दबतो, प्लाय ओला होऊन फुगतो किंवा भुगा होतो, आणि वायसरवरचा दाब जातो. तुमचं ‘आवळलं की थांबतं, पुन्हा सुरू होतं’ याच्याशी हे तंतोतंत जुळतं. कॅबिनेटमध्ये आडवं होऊन टॉर्च लावा. नटाच्या सगळ्या बाजूंनी काच दिसली पाहिजे. दिसत नसेल तर काम ठरलं: प्लायचं भोक नटाच्या व्यासापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर मोठं करायचं. मात्र टाकी वर असताना खालून जिगसॉ चालवू नका. पाती काचेला लागली की संपलं. गोल कानस आणि छिन्नीने, काचेपासून लांब राहत, दमाने करा.

वायसर पिळवटलेला. रबर फार दाबलं की ते कॉलरखालून फुगून बाहेर येतं, एका बाजूला सरकतं, कधी दुमडतं. मग जितकं आवळाल तितकं ते आणखी बाहेर. सिलिकॉन लावून वायसर बसवल्यावर हे हमखास होतं, कारण ओलं सिलिकॉन म्हणजे तेल लावल्यासारखंच, रबर जागेवर राहतच नाही. बल्कहेडच्या (टँक निपलचंच दुसरं नाव) वायसरला सिलिकॉन लावायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोलियम जेलीही नको. चांगले वायसर ईपीडीएम रबराचे असतात आणि ते पेट्रोलियमने फुगतं. नुसतं पाण्याने ओलं केलं तरी पुरतं.

कॉलर सपाट नाही. स्वस्त निपलच्या कॉलरवर साच्याची बारीक कड राहिलेली असते. बोट फिरवलं तर नखाला लागते. काचेच्या तुकड्यावर 400 नंबरचा वॉटर पेपर पसरा, वर पाण्याचे दोन थेंब, आणि कॉलर पालथी धरून गोल गोल घासा. चकाकणारे आणि मळकट असे दोन रंग दिसतील. जिथे अजून चकाकतंय तिथे कॉलर खोलगट आहे. सगळीकडे एकसारखा मळकट रंग आला की झालं. पाच मिनिटांचं काम आहे, पण नव्या फिटिंगलाही मी हे केल्याशिवाय बसवत नाही.

भोक मोठं किंवा कडेचा टवका उडालेला. साध्या एक इंची निपलला साधारण 45 मिलिमीटरचं भोक लागतं, जाड भिंतीच्या शेड्यूल 80 प्रकाराला 60 मिलिमीटरच्या आसपास. काचवाल्याकडे नेमका डायमंड बिट नसला की तो जवळचा मोठा लावतो. मग निपल भोकात डावीकडे-उजवीकडे सरकतं आणि एका बाजूला वायसरचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग काचेवर राहतो. अशा वेळी बसवताना निपल मधोमध धरणं हाच उपाय. अंगाला इलेक्ट्रिकल टेपचे दोन-चार वेढे देऊन मधली फट भरली की ते आपोआप मध्यावर बसतं. टवके बहुतेक बिट काचेच्या दुसऱ्या बाजूला बाहेर पडताना उडतात. टवका वायसरच्या रुंदीच्या अर्ध्याच्या आत असेल तर चालून जातं. त्यापलीकडे गेला असेल तर रुंद कॉलरचं निपल शोधा. आणि टवक्यातून बारीक केसासारखी रेघ काचेत पुढे गेलेली दिसली, नखाला अडकली, तर तो तडा आहे. तिथे हात थांबवा. तेव्हा मात्र खरंच टाकी रिकामी करायची. तडा आवळण्याने वाढतो आणि कधी वाढेल हे सांगून येत नाही.

आता दुसरी शक्यता, पंप बंद केल्यावर थेंब थांबला तर. यात एक गोष्ट आपल्याकडे खास आहे आणि तिच्यावर थोडं सविस्तर लिहायला हवं.

दुकानात ‘एक इंची पाइप’ मागितला की तीन वेगवेगळे पाइप मिळू शकतात. पांढरा यूपीव्हीसी, जो घरच्या प्लंबिंगला वापरतात, त्याचा बाहेरचा व्यास 33.4 मिलिमीटर. शेतीचा करडा पीव्हीसी मिलिमीटरच्या मापाने बनतो, त्यातला 32 चा पाइप दुकानदार सर्रास ‘एक इंची’ म्हणून देतो. आणि गरम पाण्याचा फिक्कट पिवळा सीपीव्हीसी, त्याचा एक इंची 28.6 मिलिमीटर. फिशटँकच्या दुकानांतली बरीचशी आयात केलेली बल्कहेड 32 किंवा 25 मिलिमीटरच्या मापाची असतात. त्यात आपला पांढरा एक इंची पाइप शिरत नाही, म्हणून कुणीतरी त्याचं टोक तापवून किंवा घासून बारीक करतो. उलट पांढऱ्या फिटिंगमध्ये 32 चा करडा पाइप घातला तर तो खुळखुळतो आणि ती फट सोल्युशनने भरली जाते. दोन्ही जोड गळणारच. सोल्युशन फट भरण्यासाठी नसतंच. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं आणि त्यासाठी ते एकमेकांना घट्ट भिडलेले लागतात. दुकानात जाताना व्हर्नियर (व्यास मोजायची पट्टी) न्या. ते नसेल तर पाइपाचा तुकडा खिशात ठेवा आणि काउंटरवरच कोरडा बसवून बघा. सोल्युशन न लावता तो खोबणीत सुमारे दोन तृतीयांश जाऊन अडला पाहिजे. आरामात तळाला टेकला तर माप चुकलंय.

आट्यांचंही तसंच. आपल्याकडचे आटे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे. अमेरिकी बल्कहेडचे एनपीटी. अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हींचे इंचाला 14 आटे, म्हणून ते एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण आट्यांचा कोन 55 आणि 60 अंश असा वेगळा आहे. एक इंचात बीएसपीचे 11 आणि एनपीटीचे साडेअकरा. दोन-तीन फेरे गोडीने जातात आणि मग अडतं. तिथे पाना लावला की बाहेरचं प्लॅस्टिक उभं चिरतं. ती चीर इतकी बारीक असते की कोरडी असताना दिसतही नाही. टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे घालूनही हेच होतं. तीन-चार पुरेत, आणि आटे ज्या दिशेने पिळणार त्याच दिशेने.

सोल्युशनचा जोड गळत असेल तर वरून पुन्हा सोल्युशन फिरवून उपयोग नाही. तो कापायचा आणि नवा करायचा.

आता प्रत्यक्ष काम. आदल्या दिवशी सामान आणा: नवं टँक निपल, दोन जास्तीचे वायसर, युनियन (हाताने उघडता येणारा पाइपाचा जोड), पाइप, सोल्युशन. पुण्यात बोहरी आळीत किंवा तुमच्या गावच्या हार्डवेअरमध्ये निपल मिळेल, पण त्यातला काळा वायसर बोटाला काळं लावत असेल आणि टायरसारखा वास येत असेल तर तो फेकून द्या. तीन-चार मिलिमीटर जाडीचा ईपीडीएम किंवा खाद्य दर्जाच्या सिलिकॉन रबराचा घ्या. मरीन टाकी आहे, म्हणून पितळी आटे बसवलेले यूपीव्हीसीचे तुकडे घेऊ नका. पितळेत तांबं असतं आणि ते प्रवाळ, कोळंबी यांना मारतं. प्लंबरच्या डब्यातला सफेदाही लांब ठेवा.

कॅबिनेटमध्ये हात घालायच्या आधी खालच्या बोर्डाचा मेन बंद. वेव्हमेकर आणि एअर पंपाला दुसऱ्या, वरच्या बोर्डावरून वीज द्या. मिठाचं पाणी आणि एक्स्टेन्शन बोर्ड एकाच कपाटात असताना ईएलसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर गळतीच्या आधी ते बसवा. सम्पमध्येही एक एअरस्टोन सोडा. तिथल्या दगडांवरचे जिवाणू साचलेल्या पाण्यात गुदमरतात.

बॉक्स उपसा, शेवटचं पाणी फडक्याने टिपा. खालचा पाइप नटापासून चार बोटं सोडून हॅकसॉने कापा. नट काढण्याआधी त्याची दिशा तपासा, कारण काही बल्कहेडचे आटे उलटे असतात आणि आपण सोडवतोय म्हणत आवळतच बसतो. नवं निपल हातात घेऊन आधी फिरवून बघितलं तर फक्त त्याचीच दिशा कळेल. जुन्याची दिशा त्याच्या खाली उघड्या असलेल्या आट्यांवरून ओळखा. नट हलत नसेल तर जोर करू नका, हॅकसॉच्या पात्याने नट उभा कापा. काचेवर ताण द्यायचा नाही एवढंच लक्षात ठेवा.

निपल निघालं की काच साफ करा. पातं जवळजवळ आडवं धरून जुन्या सिलिकॉनचा शेवटचा पापुद्रा काढा, मग पांढऱ्या व्हिनेगरने मीठ, मग साधं पाणी. बोटाने चाचपा. प्रवाळ वाळूचा एक कण वायसरखाली राहिला तरी सगळी मेहनत वाया.

बसवायला दोघं लागतात. बॉक्स अरुंद, त्यात दोन फूट खोल हात पोचत नाही. वरच्या माणसाने निपलच्या खोबणीत पाइपाचा लांब तुकडा कोरडा दाबून धरायचा, त्यानेच निपल भोकात उतरवायचं आणि मधोमध स्थिर ठेवायचं. खालच्याने नट हाताने फिरवायचा. कॉलर फिरू देऊ नका, फिरायचा तो नट. हाताने जेवढा जाईल तेवढा जाऊ द्या, मग पान्याने पाव वळसा. फार तर अर्धा. प्लायचं भोक मोठं असेल तर खालून काचेतून वायसर दिसतो. जिथे रबर काचेला नीट टेकलंय तिथे ते गडद, एकसंध काळं दिसतं. गोल पुरा व्हायला हवा. एखाद्या बाजूला फिक्कट पट्टा असेल तर सैल करून पुन्हा मध्यावर आणा, तिथेच आणखी पिळू नका.

पाइप जोडण्याआधी चाचणी घ्या. निपलमध्ये उभा पाइप ठेवून बॉक्स टाकीतल्याच पाण्याने अर्धा भरा, खाली टिश्यूची पट्टी. तासाभराने पूर्ण भरा. रात्रभर कोरडी राहिली तर पुढे.

खालचा पाइप जोडताना त्याचं वजन निपलवर येऊ देऊ नका. पाणी भरलेला लांब आडवा पाइप आणि त्याला लटकलेला बॉल व्हॉल्व्ह रोज एकाच बाजूने ओढत राहतो आणि वर्षभरात वायसरची तीच बाजू सुटते. क्लॅम्पने पाइप कॅबिनेटला धरा. निपलखाली लगेच युनियन घाला, म्हणजे पुढच्या वेळी कापाकापी नको. पाइप दोन सेंटीमीटर आखूड पडतोय म्हणून ओढूनताणून जोडायचा नाही, तुकडा नवा कापायचा. सोल्युशनच्या जोडाला पाणी सोडण्याआधी चोवीस तास द्या. तेवढा वेळ नसेल तर ड्रेनला तात्पुरता लवचीक होज आणि क्लिप चालते.

रिटर्नला सोल्युशनऐवजी कायमचा सिलिकॉन होजचा तुकडा मधे ठेवा. पंपाची थरथर तो खाऊन टाकतो, निपलपर्यंत पोचू देत नाही. आणि बॉक्स रिकामा आहेच, तर रिटर्नचं निपलही त्याच दिवशी उघडून बघा. दोन्ही भोकं एकाच काचवाल्याने, एकाच प्लायवर पाडलेली आहेत.